शेजाऱ्याचा कोड

तुम्ही चोर शोधायला बसलात आणि खोटं बोलणाऱ्याला निवडून घेतलंत. हे तुमच्या तोंडावर सांगते आहे, कारण तुमच्या कार्यालयात मला दिलेला वेळ संपला तेव्हा माझं वाक्य अर्धंच झालं होतं. "पुढचा उमेदवार," असं म्हणून तुमच्या बाईंनी दाराकडे बघितलं. ते अर्धं वाक्य घेऊन मी डोलोनचा घाट उतरून नारिनला परत आले. आता बसून पुरं करते.

मी बुरुल. जिल्हा ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत तुम्ही वेबसाइट बनवायला शिकवण्याचा फुकट वर्ग चालवलात ना, त्यातली. तुमच्या जाहिरातीत लिहिलं होतं की आधीचं काही येत नसलं तरी चालेल, वय विचारणार नाही, आणि शेवटच्या परीक्षेत पास झालात तर बिश्केकमधल्या कंपनीत काम मिळेल, तेही घरी बसून. बाकीच्यांनी त्यात काय वाचलं ते मला ठाऊक नाही. मी 'घरी बसून' एवढंच वाचलं.

त्याआधी मी मॉस्कोत होते. गोदामात उभं राहून लोकांची खरेदी खोक्यांत भरायची आणि वरून चिकटपट्टी मारायची. माझी मुलगी अदिना इथे माझ्या आईपाशी होती. तिचा बाप कुठे आहे ते रशियाच्या पोलिसांना सापडलेलं नाही, मी तर शोधणंच सोडलं. परत आले तेव्हा अदिना माझ्या आईला अपा म्हणत होती, आईला म्हणतात तसं. मला मात्र एजे, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. आमच्या गल्लीत अशी पोरं घरोघर आहेत, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटत नाही. मी मनात एवढं धरलं की आता परत जायचं नाही. पण चूल मनावर पेटत नाही. वर्ग संपेपर्यंत काम मिळालं तर राहायचं, नाही मिळालं तर वसंतात पुन्हा मॉस्को, असं आईने आणि मी ठरवलं होतं.

वर्गात शिक्षक नव्हता. भिंतीवर पडदा होता आणि पडद्यावर बिश्केकमधला एक तरुण बोलायचा. तो फार भरभर बोलायचा आणि मध्येच हसायचा. आपण काय विनोद केला ते त्याचं त्यालाच माहीत. शंका असेल तर लिहून पाठवा, असं तो म्हणायचा. आम्ही पाठवायचो. उत्तर येईपर्यंत शंका शिळी व्हायची किंवा वीज जायची. वीज गेली की पडदा काळा, आणि खोली गरम ठेवायला फक्त कोळशाची शेगडी. बाहेर थंडी अशी, की लॅपटॉप कोटाच्या आत धरून आणला नाही तर तो तासभर रुसून बसायचा. सुरुवातीला खोली भरलेली होती. नव्या वर्षापर्यंत आम्ही सात उरलो.

शिकणं म्हणजे काय असतं ते तुमच्या जाहिरातीत नव्हतं, म्हणून सांगते. एक कंस बंद करायचा राहिला की सगळं पान पांढरं. कुठला कंस, ते यंत्र सांगतं, पण अशा भाषेत सांगतं की त्यापेक्षा शिवी दिलेली बरी. तुर्सुन बाइकेंनी, बाइके म्हणजे थोरला भाऊ, आयुष्यभर चीनच्या सीमेवरून ट्रक चालवला, पाठ गेली म्हणून वर्गात आले. आपलं पहिलं पांढरं पान बघून ते म्हणाले, "हे तर माझ्या खिडकीतून दिसतं तेच आहे. एवढ्यासाठी शिकायची काय गरज होती?" गुलबारा एजे लोकरीचे गालिचे करतात. त्यांची बोटं सुईवर अशी चालतात की नजर ठरत नाही, पण कळफलकावर त्या एकेक अक्षर असं शोधायच्या जसं गवतात पडलेलं बटण. आणि मी? मला आतलं काम जमायला लागलं. माणूस नाव आणि पासवर्ड टाकतो, यंत्र त्याला ओळखतं, आत घेतं, बाहेर सोडतं, तो सगळा हिशेब. तो मला आवडला. दारावर उभं राहण्याचं काम आहे ते. पण पानावर एक बटण सरळ रेषेत बसवायला सांगितलंत, तर ते माझ्या हातून आजही एका बाजूला घसरतं.

बटणं बसवायचा एर्मेक. आमच्यात वयाने सगळ्यांत लहान, नुकतं लग्न झालेला, सतत काही ना काही गुणगुणणारा. त्याला रंग कळायचे. कुठे जागा मोकळी सोडायची ते कळायचं. त्याने परीक्षेसाठी निवडलेली साइट ऐकून आधी आम्ही हसलो, मग नीट ऐकलं, कारण ती खरंच लागणारी होती. हरवलेली जनावरं शोधायची साइट. ज्याचा घोडा कुरणातून भरकटला त्याने फोटो आणि कानावरची खूण टाकायची, ज्याला सापडला त्याने कळवायचं. तुर्सुन बाइकेंची साइट सोन-कुल तळ्याकाठच्या त्यांच्या तंबूंची, गुलबारा एजेंची गालिच्यांची. माझी, बिश्केकला जाणाऱ्या गाड्यांची: कुठली गाडी कधी निघते, किती जागा उरल्यात. आमच्याकडे त्यासाठी माणसं थंडीत स्टँडवर उभी राहतात आणि ड्रायव्हर 'आत्ता निघतो, आत्ता निघतो' म्हणत दुपार करतो.

परीक्षेला दोन महिने उरले होते आणि गुलबारा एजेंची साइट कुणालाच आत घेत नव्हती. खरा पासवर्ड टाका, खोटा टाका, दोघांनाही हाकलून द्यायची. एजेंनी लॅपटॉप मिटला.

"झालं माझं. उद्यापासून येत नाही. मी आपली लोकर कुटते."

"अहो एजे, थोडंच राहिलंय," मी म्हणाले.

"थोडंच म्हणजे किती ग? मला तर कुठे बिघडलंय तेच दिसत नाही. गालिच्यात टाका चुकला तर बोटाला कळतो. ह्यात बोट कुठे घालू?"

तुर्सुन बाइके शेगडीपाशी हात शेकत होते. त्यांनी मान न वळवता विचारलं, "गुलबारा, तुझ्या घराचं छप्पर कुणी घातलं?"

"गल्लीने घातलं. तुम्हीच तर वर चढून ओरडत होता, खाली काम करणारे आम्ही."

"मग हेही तसंच घालू. रविवारी तुझ्याकडे. जेवायला काय?"

तुम्हाला अशर काय ते सांगायला नको. तुमच्यातल्या निम्म्यांच्या बापांची घरं तशीच उभी राहिली असतील. ज्याचं घर त्याने बोलवायचं, बाकीच्यांनी जायचं. भिंत येणाऱ्याने भिंत, गिलावा येणाऱ्याने गिलावा. यजमानाने जेवू घालायचं. उद्या आपलं घर निघालं की तो येतो. कुणी 'ही वीट माझी' म्हणून नाव कोरत नाही.

त्या रविवारी आम्ही सगळे गुलबारा एजेंच्या घरी बसलो. गालिचे गुंडाळून भिंतीला लावले, मधोमध बुटकं मेज, मेजावर लॅपटॉप, भोवती बोरसोकांची, तळलेल्या पिठाच्या तुकड्यांची, रास. मी दाराचं काम केलं, लॉगिन नव्याने लिहिलं. एर्मेकने पान मांडलं. गुलबारा एजेंनी प्रत्येक गालिच्याखाली काय लिहायचं ते सांगितलं आणि आम्ही ते टंकलं. तुर्सुन बाइकेंचं काम साइट मोडायचं. त्यांनी नावाच्या जागी फोन नंबर टाकला, फोनच्या जागी शिवी टाकली, बटण एकदा दाबायचं तिथे दहादा दाबलं.

"बाइके, असं कोण करतं?" एर्मेक वैतागला.

"मी करतो. माझ्यासारखे अख्ख्या देशात आहेत. तुझी साइट फक्त शहाण्यांसाठी असेल तर एकही गिऱ्हाईक मिळणार नाही."

जेवायच्या वेळेपर्यंत साइट उभी होती. गुलबारा एजेंनी स्वतःचं नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आणि यंत्राने त्यांना आत घेतलं. त्या उठून आत गेल्या आणि आमच्या पानांत कुरदाकचं मांस पुन्हा वाढलं.

मग दर रविवारी एकाचं घर. माझ्याकडे आले तेव्हा एर्मेकने माझी सगळी घसरलेली बटणं जागेवर आणली आणि गाड्यांसाठी असा हिरवा रंग दिला की माझी आई म्हणाली, ही गाडी वेळेवर सुटेलसं वाटतंय. तुर्सुन बाइकेंकडे गेलो तेव्हा ते मी लिहिलेल्या लॉगिनमध्ये सारखी बोटं घालत होते. इथला एक शब्द बदलून बघ, तिथली ओळ पुसून बघ. शेवटी मी त्या भागाच्या वर एक ओळ टाकली. अशी ओळ यंत्र वाचत नाही, फक्त माणसांसाठी असते. मी लिहिलं, 'इथे हात लावू नका. बुरुल.' बाइके हसले, बोटं काढून घेतली. पुढच्या घरी तोच भाग नेला, त्या ओळीसकट. आधीच्या घरांतही सुधारलेला भाग परत नेऊन बसवला. ती ओळ काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. कशाला यावं? आम्ही काही लपवत नव्हतो.

साती साइटा पाठवल्या. आठवडाभराने तुमचं उत्तर आलं, सगळ्यांना एकच: 'तपासणीत नक्कल आढळली आहे. खुलाशासाठी हजर राहा.'

बिश्केकला जाताना आम्ही एकाच गाडीत होतो. घाटात बर्फ होतं म्हणून ड्रायव्हर सावकाश चालला होता, आणि बोलायला भरपूर वेळ होता.

"सोपं आहे," गुलबारा एजे म्हणाल्या. "बुरुल, तू सांग की सगळं मी लिहिलं. आम्ही मान हलवू. त्यांना एक खरा माणूस हवाय, तू हो."

"आणि तुम्ही सगळे चोर?"

"ह्या वयात कुणी चोर म्हटलं तर जरा तरुण वाटतं," तुर्सुन बाइके म्हणाले. "मला ना नोकरी मिळणार, ना मला हवी. माझ्या तंबूंची साइट चालू झाली, माझं भागलं. तू मॉस्कोला जायची थांबलीस तर आमचा रविवार कारणी लागला."

मागच्या सीटवरून एर्मेक म्हणाला, "खरंच सांग, एजे. निम्मं तर तूच केलंयस. आम्ही कुणी काही बोलणार नाही."

त्याचा आवाज सरळ होता. तेव्हा तो मनापासून म्हणत होता, हे मी आजही धरून आहे. त्याची बायको सातव्या महिन्यात होती आणि तोही काम मिळेल म्हणूनच वर्षभर बसला होता, तरी म्हणाला.

तुमच्या कार्यालयात एकेकाला आत बोलावलं. बाकीच्यांनी काय सांगितलं ते बाहेर आल्यावर कळत होतं. गाडीत मी होकार दिला नव्हता, म्हणून सगळ्यांचं एकच, आम्ही मिळून केलं. मग माझं नाव पुकारलं.

मी खोटं बोलणारच नाही, असं काही ठरवून मी आत गेले नव्हते. उगाच साधूपणा सांगत नाही. मला ती जागा हवी होती. तुमच्या बाई खिडकीकडे पाठ करून बसल्या होत्या, शेजारी एक गृहस्थ, दोघांपुढे पडदा. पडद्यावर माझा कोड होता आणि पिवळ्या रंगाने भरलेला होता.

"लॉगिनचा भाग साती कामांत एकच आहे," बाई म्हणाल्या. "मोकळ्या जागासुद्धा त्याच. आणि प्रत्येकात ही ओळ आहे. बुरुल म्हणजे तुम्हीच ना?"

"मीच."

"मग प्रश्नच मिटला. तुम्ही लिहिलंत, बाकीच्यांनी उचललं. तेवढं म्हणा, तुम्ही पास. कंपनीला तुमच्या जिल्ह्यातून एक जण हवाच आहे."

"आणि बाकीचे?"

"त्यांच्या नावापुढे नक्कल अशी नोंद होईल. आमच्या कुठल्याही वर्गात त्यांना परत घेतलं जाणार नाही."

"उचललं नाही त्यांनी," मी म्हणाले. "मी प्रत्येकाच्या घरी जाऊन लिहिलं. अशर केला आम्ही."

त्या गृहस्थांना हसू आलं. "अशर विटामातीचा असतो, बाई. ही परीक्षा आहे."

"तुमच्याच शिक्षकाने शिकवलं, आधीच कुणी लिहून ठेवलंय ते पुन्हा लिहीत बसू नका, शोधा आणि वापरा. माझ्या साइटमध्ये अर्ध्याहून जास्त कोड बाहेरचा आहे. कुठल्या देशातल्या कुणी लिहून ठेवलाय, मला त्यांची तोंडंही माहीत नाहीत. तो तुमच्या यंत्राने पिवळा केला नाही."

"तो खुला कोड आहे. लिहिणाऱ्यांनी परवानगी दिलेली असते."

"मीही दिली होती."

"लेखी?"

आता सांगा, रविवारी गुलबारा एजेंच्या घरी बोरसोक खाताना मी कुणाला लेखी परवानगी देणार होते?

"तुमच्या साइटमध्ये तुमचं काय आहे मग?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज वाईट नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"साइट माझी आहे. मांडणी एर्मेकची, दार माझं, मोडून बघितली तुर्सुन बाइकेंनी. साइट माझीच. तुम्हाला मी काम करू शकते का ते बघायचं असेल तर आत्ता एक काम द्या, इथे बसून करते. पण ते सहा चोर आहेत असं जर मी..."

"पुढचा उमेदवार," त्या म्हणाल्या.

हेच ते वाक्य. पुरं असं होतं: ते सहा चोर आहेत असं जर मी म्हटलं, तर जे काम येतं म्हणून तुम्ही मला पास करणार तेच मला येत नाही असं होईल, कारण मी एकटीने ती साइट कधीच उभी केली नसती, आणि तुमच्या त्या कंपनीतही कुणी एकटं काही उभं करत नाही.

पुढचा उमेदवार एर्मेक होता, शेवटचा. आत बराच वेळ लागला. बाहेर आला तेव्हा तो आमच्याकडे न येता पाण्याच्या यंत्रापाशी गेला, पेला भरला, आणि न पिता हातात धरून उभा राहिला.

"काय म्हणाले?" गुलबारा एजेंनी विचारलं.

"म्हणाले, बाकीच्यांनी नाकारलंय, तूही नाकारलंस तर नारिनची जागा दुसऱ्या जिल्ह्याला जाईल. म्हणाले, कुणीतरी लिहिलंच असेल ना."

"मग?"

"मी म्हणालो, मी लिहिलं."

मग मीच विचारलं, "आणि माझं नाव? ती ओळ?"

"म्हणालो, गंमत म्हणून टाकलं होतं." तो माझ्याकडे बघत नव्हता. "एजे, त्यांनी पुढे काहीच विचारलं नाही. मला वाटलं विचारतील. तो भाग समजावून सांग म्हणतील, मी अडकेन आणि सुटेन. एक प्रश्नसुद्धा विचारला नाही."

तुर्सुन बाइकेंनी टोपी घातली. "हरवलेली जनावरं शोधायची साइट केलीस ना रे? आज रात्री तुझा फोटो टाकतो त्यात. कानाची खूण पण लिहितो. लाल झालाय."

एर्मेक तिथेच राहिला, त्याला पुढचे कागद भरायचे होते. परतीच्या गाडीत त्याची जागा रिकामी होती आणि ड्रायव्हर सारखा विचारत होता, एक माणूस यायचा होता ना?

मला एर्मेकचा राग नाही, असं मी म्हणणार नाही. आला होता. वाटेतल्या कोचकोरपर्यंत तर मी त्याला मनातल्या मनात इतकं बोलले की माझाच घसा सुकला. पण त्याने खोटं विकलं ते तुम्ही दुकान मांडून विकत घेत होतात म्हणून. खरं बोलणाऱ्या सहा जणांना तुम्ही एकामागून एक बाहेर काढलंत आणि सातवा खोटं बोलला त्याला खुर्ची दिलीत. माझं नाव तुमच्या पडद्यावर पिवळं होऊन पडलं होतं. तुम्ही ते वाचलंत, मला वाचून दाखवलंत, आणि तासाभराने विसरलात.

निकाल आला. एर्मेक पास, आमच्या सहा जणांच्या नावापुढे नक्कल. मी फेरतपासणी मागितली, तिचं उत्तर आलेलं नाही. आईने मॉस्कोचा कोट बाहेर काढून वाऱ्यावर टाकला. ज्या मावसबहिणीकडे मी तिथे राहायचे तिला फोन केला. तिच्या खोलीत खाट आहे.

कोट दोरीवर होता, त्याच आठवड्यात एर्मेकचा फोन आला. दुपारची वेळ, अदिना शेजारी खेळत होती, आई पीठ मळत होती. मी उचलला नाही. पुन्हा वाजला.

"उचल की," आई म्हणाली.

"एर्मेक आहे."

"मग काय झालं? आपल्या घराच्या अशरला ह्या छपरावर कोण चढलं होतं? उचल."

मी उचलला.

"एजे, रागावलीस?"

"काम सांग."

"कंपनीने गाड्या भाड्याने देणाऱ्या दुकानाची साइट दिलीय. माणूस लॉगिन करून आत येतो, पुढचं पान उघडलं की बाहेर फेकला जातो. दोन दिवस बघतोय. ते सगळे म्हणतात, हा भाग तर तुझाच, परीक्षेत तूच लिहिला होतास." मग म्हणाला, "एजे, मी त्यांना काय सांगू?"

"खरं सांग."

"काढून टाकतील. बाळ पुढच्या महिन्यात आहे."

त्याला रडू देण्यात मला काही आनंद नव्हता. मी लॅपटॉप उघडला, त्याने त्याचा पडदा दाखवला. आत येणाऱ्याला यंत्र एक खूण देतं, पावती देतात तशी, आणि पुढच्या प्रत्येक पानावर ती बघून त्याला ओळखतं. इथे ती खूण जपून ठेवायच्या आधीच पुढचं पान उघडत होतं, म्हणून माणूस परका ठरत होता. मीही हीच चूक केली होती, गुलबारा एजेंच्या घरी, म्हणून दिसली. नाहीतर मलाही दोन दिवस लागले असते. ओळी खालीवर केल्या. माणूस आत राहिला.

"आता पान नीट मांड," मी म्हणाले. "बटणं चांगली बसवलीयस, पण तो जांभळा रंग कुणाचा?"

"मालकाचा."

"वाटलंच."

तो हसला. "तू आलीस, एजे."

"तू बोलावलंस. बोलावल्यावर यायचं असतं. जेवण राहिलं तुझ्याकडे."

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "झालं का त्याचं?" मी म्हटलं, झालं. ती पीठ मळायला लागली. आमच्या घरात ह्यावर एवढंच बोलणं झालं.

तेव्हा आता तुमच्या कंपनीत जे चालतंय त्यात माझ्या ओळी आहेत. तुमच्या भाषेत मी चोर आहे आणि माझ्याच ओळी तिथे पगारावर आहेत. त्याचा पगार मला नको. पण तुम्ही तपासलंत तरी काय? कोड कुणाचा ते तपासलं नाहीत, कारण नाव समोर होतं. काम येतं का ते तपासलं नाहीत, कारण कुणाला एक ओळही लिहायला सांगितली नाहीत. अनोळखी माणसाचा कोड घेतला तर तुम्ही त्याला हुशारी म्हणता, शेजाऱ्याचा घेतला तर चोरी. हा फरक कुणी ठरवला? कुठल्या खोलीत बसून ठरवला? तिथे कुणाला शेजारी होते का?

माझं मॉस्कोचं तिकीट आलं आहे. घाटातलं बर्फ वितळलं की निघेन.

आणि काल ग्रंथालयाच्या दारावर तुमची नवी जाहिरात लागली. तीच खोली, तोच पडदा, पुन्हा 'घरी बसून'. संध्याकाळच्या आत आमच्या गल्लीतल्या बेकरीतल्या दोघी माझ्याकडे आल्या, जिपारा आणि तिची जाऊ. हाताला अजून पीठ होतं. नाव घालायचं म्हणाल्या. काय शिकवतात, कठीण आहे का, विचारत होत्या. मी सांगितलं, कठीण आहे, पण येतं.

मग जिपारा म्हणाली, "एजे, तुमचं काय झालं ते ऐकलंय आम्ही. एक सांगा. हिचं अडलं तर मी बघायचं की नाही? एकाच घरात राहतो आम्ही. एकाच मेजावर बसणार."

"बघू नकोस म्हणाले तर काय करशील?" मी विचारलं.

"तेच कळत नाही ना. ती पलीकडे रडत बसली तर मी भिंतीकडे तोंड करून बसू?"

तिची जाऊ म्हणाली, "मी काही रडणारी नाही हं." दोघी हसल्या, पण उत्तरासाठी थांबल्या. हो म्हटलं तर दोघींच्या नावापुढे नक्कल लागेल. नाही म्हटलं तर आमच्या गल्लीत ते पहिल्यांदा मी म्हटलेलं असेल. मी त्यांना सांगितलं, विचारून सांगते.

म्हणून विचारते आहे. खुलासा नको, नियमाचा क्रमांक नको, त्या पडद्यावरच्या तरुणाचं हसू तर मुळीच नको. शेजारी बसलेलीचं काम अडलं तर तिच्याकडे वळायचं की नाही? हो की नाही, एका शब्दात लिहा आणि खाली तुमचं नाव घाला. त्या दोघी नाव नोंदवायला थांबल्या आहेत, आणि मी घाट मोकळा होईपर्यंतच इथे आहे. उत्तर द्या.